खणांची गाडी

'खण' या शब्दाचे दोन अर्थ आपल्या भागातल्या लहान मुलालाही ठाऊक असतात. एक गुळेदगुड्डचा, चोळीसाठी घ्यायचा. दुसरा टेबलाचा, ओढून उघडायचा. पहिल्या खणावर पुष्कळांनी लिहिले आहे. दुसऱ्याच्या वाट्याला लेख आलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. हा लेख त्या दुसऱ्याचा, आणि त्यातही घरच्या टेबलाच्या नव्हे, तर चालत्या गाडीत बसवलेल्या खणाचा आहे.

निमित्त झाले माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे. त्याने एक जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप घेतली आणि रानावनात मुक्काम करता यावा म्हणून तिच्या मागच्या भागात दोन लांबलचक खण बसवायला काढले. सुट्टीचे दिवस होते, मीही दोन दिवस मेस्त्रींच्या शेडमध्ये स्टूल टाकून बसलो. काम वाटते तितके सोपे नाही. घरातले कपाट भिंतीला टेकून उभे असते. हे कपाट दिवसभर उड्या मारणार. प्लायवूडची पेटी गाडीच्या तळाला नुसते स्क्रू मारून बसवली तर पत्रा फाटतो. म्हणून कंपनीने मागच्या सीटसाठी ठेवलेली जी मूळ भोके असतात, तीच शोधून त्यांतून जाड बोल्ट घ्यावे लागतात आणि खालून रुंद पोलादी वायसर द्यावे लागतात. नवे भोक पाडण्याआधी गाडीखाली आडवे होऊन पाहणे सक्तीचे. कित्येक गाड्यांत तेलाची टाकी किंवा ब्रेकची नळी तिथूनच गेलेली असते. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीची चॅनल इथे टिकत नाहीत. धूळ बसली की त्यांतल्या गोळ्या अडतात. शिवाय खण बंद असतानाच नव्हे, तर पूर्ण उघडा असतानाही जागच्या जागी अडकला पाहिजे, नाहीतर उतारावर उभ्या गाडीत तो आपल्याच गुडघ्यावर येतो. आणि सगळ्यात मोठा हिशेब वजनाचा. रिकामी पेटीच पन्नास-साठ किलोंची होते, त्यावर सामान. पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो. ते जितके उंच आणि जितके मागे, तितकी गाडी वळणावर कलणार. "जड ते खाली आणि पुढं बसवा की ओ," असे मेस्त्री त्याला तीनदा म्हणाले.

तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्या मुलाने माझ्याकडे वळून विचारले, "सर, ही युक्ती पहिल्यांदा कुणाची?" इतिहासाच्या शिक्षकाला असे विचारले की सुटका नसते.

'पहिल्यांदा' हा शब्द इतिहासात जपून वापरावा. ओढायचे खण प्रवासाला नेण्याची सोय इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी आधीच करून ठेवली होती. त्यांच्या मोहिमेवरच्या पेट्या सागवानाच्या, महोगनीच्या किंवा कापराच्या लाकडाच्या असत. वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यापासून सुटा होई, पाय फिरवून काढता येत, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असत आणि कड्या लाकडात खोल बसवलेल्या, म्हणजे दोरात अडकू नयेत. एक अर्धा उंटाच्या किंवा खेचराच्या या अंगाला, दुसरा त्या अंगाला. बेळगाव १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुढे इथे छावणी वसली; आपण ज्या भागाला नुसते 'कॅम्प' म्हणतो तो त्या दिवसांचाच अवशेष. अशा पेट्या हिंदुस्थानभर छावणीमागून छावणी हिंडल्या. पण त्या हिंडल्या सामान म्हणून. मुक्कामाला पोचल्यावर तंबूत उतरवायच्या, मग उघडायच्या. खण गाडीचाच भाग झाला आणि गाडी हेच स्वयंपाकघर झाले, ते दुसऱ्या खंडात.

अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले. टेक्सासमध्ये मोकाट वाढलेल्या लांब शिंगांच्या गुरांना मोल नव्हते, कारण विकत घेणारे दूर होते. चार्ल्स गुडनाइट नावाच्या तिशीतल्या माणसाने अनुभवी ऑलिव्हर लव्हिंगशी भागी केली. १८६६ च्या जूनमध्ये सुमारे दोन हजार गुरे आणि अठरा माणसे घेऊन ते फोर्ट बेल्कनॅपच्या परिसरातून निघाले, न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरकडे. सरळ वाट कोमांची टोळ्यांच्या मुलखातून जात होती, म्हणून त्यांनी नैऋत्येचा मोठा वळसा पत्करला. त्या वळशात मिडल काँचो आणि पेकोस या नद्यांमधला नव्वदएक मैलांचा टप्पा पूर्ण निर्जळ. शेकडो गुरे तिथे तहानेने मेली. जी पेकोसपर्यंत पोचली त्यांतलीही काही पाण्याच्या वासाने उधळून चिखलात रुतली.

या प्रवासासाठी गुडनाइटने जी गाडी करून घेतली ती आपल्या विषयाची मूळपुरुष. सरकारी लष्कराची जुनी गाडी घेऊन त्याने ती पार्कर परगण्यातल्या एका सुताराकडून बोडार्कच्या मुरलेल्या लाकडात नव्याने बांधून घेतली. हे लाकूड तिथले मूळ रहिवासी धनुष्यासाठी वापरीत, म्हणजे त्याच्या चिवटपणाबद्दल वेगळे सांगायला नको. आस लाकडी होते ते काढून लोखंडी घातले. आणि गाडीच्या मागच्या टोकाला उभी पेटी बसवली: आत फळ्या, कप्पे आणि खण, बाहेरून एक मोठी फळी बिजागरीवर. फळी खाली पाडून तिला एक पाय लावला की झाले टेबल. गाडीच्या कडेला पाण्याचे पिंप, दोन दिवस पुरेल इतके. गाडीखाली कातडे ताणून बांधलेले, त्यात वाटेवर मिळेल ते सुके जळण आणि जळणच नसेल तर वाळलेले शेण. आपल्या बैलगाडीखाली कडब्याची झोळी असते ना, तसेच. गवऱ्यांवर भाकरी भाजलेल्या घरांतल्या वाचकांना त्या शेणाचे नवल वाटू नये.

खणांत काय असे? पीठ, साखर, मीठ, सोडा, घेवड्याच्या जातीचे दाणे, सुकी फळे, कॉफी, काकवी. शिवाय सुईदोरा, वस्तरा, तंबाखू, औषधाच्या बाटल्या. एका लाकडी पिंपात आंबवलेल्या पिठाचे विरजण असे आणि थंडीच्या रात्री आचारी ते आपल्या पांघरुणात घेऊन झोपे. ते मेले की पुढे भाकरी नाही. जड पोती आणि माणसांच्या वळकट्या पुढे, गाडीच्या पोटात. रोज लागणारे ते मागे, हाताशी. बेळगावचे मेस्त्री आणि टेक्सासचा तो सुतार यांच्यात दीडशेहून अधिक वर्षे आणि अर्धी पृथ्वी आहे, पण रचना तीच.

या गाडीचा राजा म्हणजे आचारी. गुरे हाकणाऱ्यांपेक्षा त्याचा पगार जास्त, मान फक्त तांड्याच्या प्रमुखाखालोखाल. गाडीच्या चाकाला घोडा बांधायचा नाही. वाऱ्याच्या बाजूने दौडत येऊन जेवणात धूळ उडवायची नाही. त्याच्या टेबलाला हात लावायचा नाही. रात्री निजण्यापूर्वी तो गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे करून ठेवी, म्हणजे सकाळी आभाळ भरून आले तरी दिशा चुकायची नाही. ही एक गोष्ट मी सातवीच्या वर्गात सांगितली की सगळा वर्ग गप्प होतो.

फोर्ट समनरला लष्कराने यांचे बैल पौंडाला आठ सेंट या भावाने घेतले. बारा हजार डॉलर हातात आले. गुडनाइट आणखी गुरे आणायला परत निघाला तेव्हा सोने आणि शिधा दोन्ही एका खेचरावर लादलेले होते. वादळी रात्री वीज कडाडली, खेचर उधळले. सोने वाचले, शिधा मात्र रानभर उधळला गेला. आणि त्या निर्जन मुलखात सोन्याने घोटभर पाणीसुद्धा मिळत नव्हते, हे त्याला चांगलेच कळले. पाठीवर लादलेले आणि गाडीत बसवलेले यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कसा सांगावा?

इथवर कथा पराक्रमाची आहे, आणि टेक्सास ती तशीच सांगते. २००५ साली त्या राज्याने या गाडीला राज्याचे अधिकृत वाहन ठरवले. मला मात्र विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही: फोर्ट समनरला इतके मांस कशाला हवे होते? त्या किल्ल्याभोवती, बोस्के रेडोंडो नावाच्या माळावर, अमेरिकन लष्कराने आठ हजारांहून अधिक नवाहो आणि काही शे मेस्कालेरो अपाची डांबून ठेवले होते. १८६४ सालापासून नवाहोंना त्यांच्या डोंगरांतून शेकडो मैल पायी चालवत तिथे आणले. शेती करा म्हणाले. पीक किडीने खाल्ले, पाणी खारट, जळण दूर. माणसे हजारोंनी दगावली. उरलेल्यांना जगवायला सरकार बाहेरून मांस विकत घेत होते. १ जून १८६८ रोजी तह झाला आणि ते आपल्या मुलखात परतले. गुडनाइटच्या खणांत पीठ-साखर नीट लावलेली होती, कारण वाटेच्या शेवटी एक अख्खी जमात उपाशी होती. यात गुडनाइटचा दोष किती, हा वेगळा वाद. पण आपल्या पाठ्यपुस्तकांत असो की त्यांच्या, वाट ज्याने पाडली त्याचे नाव येते. वाटेच्या शेवटी कोण बसले होते हे कुणी विचारीत नाही. मुलूख कुणाचा आणि तो कुणी ठरवला, हा प्रश्न सीमेवरच्या माणसाला तरी परका वाटू नये.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. फोर्ड, एडिसन आणि फायरस्टोन ही बडी मंडळी १९१५ ते १९२४ या काळात मोटारींतून रानात मुक्कामाला जात. त्यांच्या ताफ्यात स्वयंपाकाची वेगळी मोटार आचाऱ्यासह असे. १९४८ साली लँड रोव्हर आली आणि रस्ता नसलेल्या ठिकाणी चार माणसांचे कुटुंबही जाऊ लागले. ऑस्ट्रेलियात लेन बीडेल या सर्वेक्षकाच्या छोट्या तुकडीने १९५५ पासून वाळवंटातून हजारो किलोमीटर मार्ग काढले. त्या धुळीच्या, खडबडीत वाटांवर हौशी प्रवासी निघाले, आणि गाडीच्या मागे कुलपाचे खण बसवणे हा तिथे रीतसर धंदा झाला. आपल्याकडे ती हौस आता कुठे येते आहे.

गुडनाइटच्या तांड्यात बोस इकार्ड नावाचा माणूस होता. जन्माने गुलाम, युद्धानंतर स्वतंत्र. गुडनाइट त्याच्याजवळ हजारो डॉलरची रोकड ठेवायला देई, कारण काळ्या माणसाजवळ पैसे असतील अशी शंका लुटारूंना येत नसे. त्या काळच्या समाजाविषयी एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. १८६७ साली लव्हिंग कोमांचींच्या हल्ल्यात जखमी झाला आणि जखम चिघळून फोर्ट समनरलाच वारला. आपल्याला टेक्सासच्या मातीत पुरावे, ही त्याची अखेरची इच्छा. १८६८ च्या फेब्रुवारीत गुडनाइटच्या माणसांनी तेलाचे रिकामे डबे ठोकून सपाट केले, झाळून त्यांची मोठी पेटी बनवली, आत शवपेटी ठेवून भोवती कोळशाची भुकटी ठासली आणि ती गाडीवर चढवून सहाशे मैलांवरच्या वेदरफर्डला नेली. तिथल्या ग्रीनवुड दफनभूमीत लव्हिंग आहे. १९२९ च्या जानेवारीत इकार्ड वारला, त्यालाही तिथेच मूठमाती मिळाली. नव्वदी ओलांडलेल्या गुडनाइटने त्याच्यासाठी स्वतःच्या खर्चाने दगड कोरून घेतला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो स्वतः गेला.