सेरी नाल्याखालचे ५८७ मीटर

मागच्या हिवाळ्यात मी मनालीहून बसने लाहौलला गेलो. अटल बोगद्यात शिरलो, कानातलं गाणं बदललं, दोन मेसेज वाचले आणि बाहेर पडलो. नऊ किलोमीटर, जेमतेम दहा-बारा मिनिटं. परत आल्यावर त्याबद्दल वाचायला घेतलं, तेव्हा माझीच मला लाज वाटली. त्यातला एक तुकडा खोदायला माणसांना जवळपास चार वर्षं लागली होती, आणि मी तो गाणं शोधता शोधता पार केला.

आधी हा बोगदा हवा कशाला, ते बघू. रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे. बर्फ पडला की खिंड बंद, आणि पलीकडचं लाहौल वर्षातले साधारण सहा महिने रस्त्याने तुटलेलं. कोणी आजारी पडलं, बाळंतपण अडलं, तर हेलिकॉप्टरची वाट बघायची, आणि हेलिकॉप्टर हवामानाच्या मर्जीवर. लष्करही लेहकडे जायला हा रस्ता वापरतं. लाहौलचे ताशी दावा हे वाजपेयींचे जुने ओळखीचे. बोगदा हवा ही मागणी घेऊन ते दिल्लीला वाजपेयींना भेटले, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. ३ जून २००० ला निर्णय झाला. २००२ मध्ये जोडरस्त्याचा पायाभरणी समारंभ झाला आणि प्रत्यक्ष बोगद्याची पायाभरणी झाली २८ जून २०१० ला. मधली वर्षं फायलींची. ती सोडून देऊ.

काम सीमा रस्ते संघटनेचं, म्हणजे बीआरओचं. कंत्राट ऑस्ट्रियाची स्ट्राबाग आणि आपल्या मुंबईची अ‍ॅफकॉन्स यांच्याकडे. मुदत होती २०१५.

आता मॅनेजरच्या खुर्चीत बसून बघा. बोगदा दोन्ही तोंडांनी खोदला तर वेळ अर्धा लागतो, हे गणित कोणीही करेल. पण उत्तरेकडचं तोंड लाहौलमध्ये. तिथे माणसं, सिमेंट, यंत्रं न्यायची तर रस्ता रोहतांगवरूनच, आणि तो हिवाळ्यात बंद! म्हणजे जी अडचण सोडवायला बोगदा बांधायचा, तीच अडचण बोगद्याच्या कामाला आडवी. मग उत्तरेला काम चालायचं ते उन्हाळ्याच्या महिन्यांत. हिवाळ्यात सगळा भार दक्षिणेच्या, मनालीकडच्या तोंडावर.

आणि नेमकं दक्षिणेच्याच बाजूला सेरी नाला होता.

डोक्यावर काही ठिकाणी जवळपास दोन किलोमीटर डोंगर. इतक्या खोलवर वरून जागोजागी भोकं पाडून खडक तपासणं शक्यच नसतं. म्हणून खोदायची पद्धतही तशीच निवडली, न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड. सुरुंग लावायचा, मलबा काढायचा, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, खडकात बोल्ट ठोकायचे आणि भिंती किती आत सरकताहेत ते मोजत राहायचं. त्या मोजमापावरून पुढचा आधार किती लागेल ते ठरवायचं. अख्खा प्लॅन आधी लिहून ठेवता येत नाही. आमच्या ऑफिसात असं काम सुरू असलं की क्लायंट आठवड्याला तारीख विचारतो. इथे तर तारीख डोंगराला विचारायची होती.

सेरी नाल्याखाली खडक खडकासारखा उरलेलाच नव्हता. भूगर्भातल्या जुन्या भेगेने त्याचा चुरा केलेला, वरून नाल्याचं पाणी झिरपत आलेलं. समोरून चिखल, वाळू, दगड-धोंडे आणि पाणी एकदम अंगावर. सुरुंग लावायची सोयच नाही. मग आधी पाणी वाहून न्यायला भोकं पाडायची, छताच्या वर पोलादी पाइपांची छत्री पुढे ढकलायची, त्यात सिमेंट भरून ती घट्ट करायची आणि तिच्याखाली थोडंसं उकरायचं. उकरलं की लगेच आधार. पुन्हा पाणी, पुन्हा पाइप.

हा पट्टा ५८७ मीटरचा. चार वर्षांनी भागून बघा, दिवसाला सरासरी चाळीस सेंटिमीटर पडतात. माझ्या लॅपटॉपच्या रुंदीपेक्षा थोडंच जास्त. रोज सकाळी शिफ्टला जाणाऱ्या माणसाच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतो. काल जिथे उभा होता, आजही जवळपास तिथेच, आणि डोक्यावर नाला. बातम्यांत तेव्हा एवढंच यायचं की प्रकल्प रखडला. मला हे अन्यायाचं वाटतं. रखडणं म्हणजे कोणीतरी हात बांधून बसलंय. इथे लोक रोज पाण्यात उभे होते. अंदाज चुकला होता हे मात्र खरं, आणि तो चुकला कारण आत काय आहे ते आत गेल्याशिवाय कळणारच नव्हतं.

२०१५ ची मुदत उलटली. दोन्ही बाजू एकमेकींना भेटल्या ऑक्टोबर २०१७ मध्ये. पण भोक आरपार झालं म्हणजे बोगदा झाला असं नाही. हवा खेळती ठेवणं, दिवे, दर ६० मीटरवर आगीसाठी पाण्याची सोय, दर १५० मीटरवर टेलिफोन आणि रस्त्याच्या खाली, त्याच बोगद्याच्या पोटात, पळून जायला वेगळा लहान बोगदा. यात आणखी तीन वर्षं गेली. उद्घाटन ३ ऑक्टोबर २०२० ला. मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी झालं.

पण लाहौलची माणसं त्या तारखेपर्यंत थांबली नव्हती. खिंड बर्फाखाली गेली की अर्धवट बोगद्यातूनच तातडीचे रुग्ण न्यायला परवानगी मिळू लागली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये तर तिथून एसटीही सुटली, म्हणजे हिमाचलची एसटी हो. आत कामं चालूच होती, आणि गावकरी खिडकीशी बसून मनालीकडे निघाले होते.