‘हा आमच्या घरचा मामला!’

आजच्या भागातली गोष्ट बुलढाण्यात सुरू होते आणि पोचते थेट संयुक्त राष्ट्रांत.

साल १८८१. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली, पण वर्तमानपत्रांतून एकूणच बायकांच्या चारित्र्यावर ताशेरे सुरू झाले. विधवेला पुन्हा लग्न करू न देणारा समाज आणि त्या बाळाचा बाप मात्र नामानिराळे! बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यावर चिडून उठल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. १८८२ मध्ये ताराबाईंचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून आलं. घरातली बाब म्हणून झाकलेला अन्याय त्यांनी चव्हाट्यावर आणला. टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले.

आता येऊ १९४६ वर. दक्षिण आफ्रिकेनं कायदा करून तिथल्या भारतीयांनी जमीन कुठे घ्यायची, राहायचं कुठे, यावर बंधनं घातली. आपण अजून स्वतंत्रही नव्हतो. तरी भारत सरकारनं त्या देशाशी व्यापार बंद केला आणि तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. बाजू मांडली विजयालक्ष्मी पंडित यांनी. पंतप्रधान स्मट्स यांचं म्हणणं काय? हा आमचा अंतर्गत प्रश्न! म्हणजे पुन्हा तेच, घरातली बाब. ८ डिसेंबरला मतदान झालं आणि ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताची बाजू जिंकली. दक्षिण आफ्रिकेनं ऐकलं नाही, पण ‘अंतर्गत’ म्हणून विषय बंद करता येत नाही, हे जगासमोर ठरलं.

मग आपल्या घराचं काय? त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत होते. त्या अर्जाच्या प्रती बाबासाहेबांनी मागितल्या. भारतातले अस्पृश्यही तसाच विचार करताहेत, असं कळवलं. पुढे २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं. अकराच दिवसांनी, १० डिसेंबरला, जागतिक मानवी हक्कांचा जाहीरनामा आला.

तेव्हा बातम्यांमध्ये एखादं सरकार दुसऱ्या देशातल्या अत्याचारांवर ‘चिंता’ व्यक्त करताना दिसलं, की दोन गोष्टी बघा. समोरचा ‘घरचा मामला’ म्हणून काय झाकतोय? आणि बोलणारा स्वतःच्या घराचं दार उघडं ठेवतोय का?

भेटू पुढच्या भागात!