दुग्ध–क्षार लक्षणसमूह
दूध व क्षारीय औषधे दीर्घकाळ अतिप्रमाणात घेतल्याने रक्तातील कॅल्शियम व क्षारता वाढून वृक्कांस (मूत्रपिंडांस) इजा पोहोचणाऱ्या विकारास ही संज्ञा आहे. निरोगी प्रौढाच्या १०० मिलि. रक्तरसात सु. ८·५ ते १०·५ मिग्रॅ. कॅल्शियम असते. ते फार वाढल्यास मळमळ, वांत्या, बद्धकोष्ठ, अतितृषा, बहुमूत्रता व मनोविभ्रम ही लक्षणे दिसतात.

या विकाराचा इतिहास म्हणजे एका उपचाराचाच इतिहास होय. शिकागो येथील वैद्य बर्ट्राम सिपी यांनी १९१५ मध्ये जठरव्रणासाठी दर तासाला दूध व साय आणि मधूनमधून क्षारीय चूर्णे देण्याची पद्धती प्रसिद्ध केली. अम्लाचे उदासिनीकरण झाल्यास व्रण भरून येतो, ही त्यामागील कल्पना. वेदना खरोखरच शमत असल्याने पद्धती सर्वत्र रूढ झाली. हार्ट व रिव्हर्स यांनी १९२३ मध्येच काही रुग्णांत दुधाचा तिटकारा, डोकेदुखी, वांत्या व वृक्कदोष आढळल्याचे नोंदविले. तरीही ती पुढे कित्येक दशके चालू राहिली. वांत्या हे व्रणाचेही लक्षण असल्याने दोष औषधाकडे न जाता रोगाकडे जाणे सोपे होते. १९४९ मध्ये बर्नेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांचे वर्णन केले, तेव्हा दीर्घकालीन प्रकारातील वृक्कहानी किती गंभीर असते, हे स्पष्ट झाले.

क्षारतेमुळे वृक्के कॅल्शियम राखून ठेवतात. वाढलेल्या कॅल्शियमाने शरीरातील पाणी व लवणे घटून वृक्कांचे कार्य मंदावते आणि क्षारता आणखी वाढते. हे दुष्टचक्र आपोआप थांबत नाही.

अम्लस्राव रोखणारे सिमेटिडीन १९७६ पासून वापरात आल्यावर हा विकार विरळ झाला. पुढे अस्थिविरलतेसाठी कॅल्शियम कार्बोनेटाच्या गोळ्या सर्रास घेतल्या जाऊ लागल्या आणि दुधाविनाच तो परतला.

चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) हा कॅल्शियम व क्षार दोन्ही पुरवितो. तैवानमध्ये शिंपल्यांच्या चुन्यासह सुपारी चघळणाऱ्यांत हा विकार आढळल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. रायगड जिल्ह्यातील म्हसळा व सुपारीसाठी नावाजलेल्या शेजारच्या श्रीवर्धनच्या वाचकांस ही सामग्री ओळखीचीच वाटेल. एखाददुसऱ्या विड्यातील चुना अत्यल्प असतो. प्रश्न दिवसभर चघळणाऱ्यांचा. कारण वेळीच ओळखून चुना वा गोळ्या बंद केल्यास आणि शिरेवाटे लवणद्राव दिल्यास कॅल्शियम बहुधा काही दिवसांत उतरते. विलंब झाल्यास वृक्के मात्र पूर्ववत होतीलच असे नाही.