फोटोतला फोटो

आमचं लोहारा म्हणजे यवतमाळला अगदी खेटून. २००६ च्या आसपास मी शाळेत होतो, तेव्हा पेपरात आमच्या जिल्ह्याचा एकच फोटो सारखा यायचा. दारात बसलेली बाई आणि तिच्या हातात गेलेल्या नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो. गाव वेगळं, बाई वेगळी, फोटो मात्र तोच! परवा घरी गेलो तेव्हा आजीसमोर हा विषय निघाला. ती म्हणाली, "फोटो काढून का होते बाप्पा?"

प्रश्न साधा, पण उत्तरासाठी शंभर वर्षं मागे जावं लागलं.

लुईस हाइन हा न्यूयॉर्कमधला शिक्षक. १९०८ मध्ये नोकरी सोडून तो बालमजुरीविरोधी समितीसाठी फोटो काढत अमेरिकाभर हिंडायला लागला. गिरणीत, खाणीत कोणी आत घेईना, मग कधी बायबल विकणारा बनून घुसायचा. पण मला भारी वाटली ती दुसरीच गोष्ट. पोराची उंची तो स्वतःच्या जाकिटाच्या बटणांवरून मोजायचा आणि नाव, वय, कामाचे तास खिशातल्या खिशात टिपून घ्यायचा. आमच्या धंद्याच्या भाषेत, प्रत्येक फोटोला मेटाडेटा! तरीही १९१६ चा कायदा सुप्रीम कोर्टाने १९१८ मध्ये रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं. तीस वर्षं!

आता आपल्याकडे. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. दिल्लीचं लक्ष इकडे वळण्यात त्या फोटोंचाही थोडा वाटा असावा, असं मला वाटतं. पण फोटोखाली काय लिहिलेलं असायचं? 'आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची पत्नी'. बस्स. ती स्वतः शेतकरी आहे, हे कुठेच नाही. सरकारी मदतीचे एक लाखसुद्धा प्रकरण 'पात्र' ठरलं तरच. त्यात पाहायचे जमीन कुणाच्या नावावर आणि कर्ज कुठलं. सातबारा नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावाचा. म्हणजे निंदण, खुरपण, कापूस वेचणी करणारी बाई फोटोत दिसली, कागदावर दिसलीच नाही.

पी. साईनाथ यांनी हे आधीच ओळखलं होतं. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून त्यांनी कामकरी बायांचे फोटो काढले. बाया रडताना नाहीत, राबताना! प्रदर्शनाचं नावच 'विझिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन'. आणि ते फक्त शहरातल्या हॉलमध्ये न लावता गावात, कारखान्यांच्या दारात, बसस्टँडवर लावलं.

पुढे २०१८ मध्ये महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ बायांना गाठून विचारलं. २०१२ नंतर विधवा झालेल्यांपैकी ४० टक्के बायांना शेतजमिनीचा हक्क मिळालेलाच नव्हता. हे म्हणजे हाइनच्या खिशातली टिपणं. फोटोला नसलेली ओळ कोणीतरी उशिरा का होईना लिहिली.

आजीला मी एवढंच सांगितलं, की फोटोने लोक थांबून बघतात, पण काही बदलायचं असेल तर खालची ओळ बरोबर लागते. ती म्हणाली, "मंग तिचं नाव लिवा ना, नवऱ्याचं काहून लिवता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.