दुसऱ्यासाठी आणलेली बाटली

वसंतातल्या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे, हा रिवाज आहे. कामगार चळवळीत वाढलेल्या आणि शाळेपेक्षा सार्वजनिक वाचनालयातच अधिक शिकलेल्या आमच्यासारख्याने इतिहासावर बोलणे हे थोडे धाडसच होय. पण विषय पेण-रोह्याच्या घराघरांतला आहे. कोवळ्या पोरांच्या हाती दारू जाऊ नये म्हणून समाजाने काय केले आणि आपण कोठे चुकलो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आपला कुलाबा जिल्हा, म्हणजे 1981 पासूनचा रायगड, हा एकेकाळी मोहाच्या दारूचा मुलूख. उरणच्या भट्ट्यांतून मुंबईस दारू जाई. 1878 च्या अबकारी कायद्याने या धंद्यावर सरकारची पकड बसली. 1892 साली तर ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा खास कायदा झाला आणि फुले जवळ बाळगण्यावरही बंधने आली. कातकरी-ठाकरांना मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. अडीअडचणीला ते पोटाला आधार देणारे फूल. परंतु कायद्याला ना त्यांच्या पोटाची चिंता होती, ना त्यांच्या पोरांची. घरची भट्टी विझावी आणि कर भरलेली दारू खपावी, असा तो हिशेब होता.

या हिशेबाला पहिला विरोध सरकारातून झाला नाही, तो समाजातून झाला. 1880 साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. पुढे 1930 च्या सत्याग्रहात गांधीजींनी दारूच्या दुकानांवरील निरोधनाचे काम मुद्दाम स्त्रियांकडे सोपविले. नशेचा मार ज्यांच्या पाठीवर बसतो त्यांनीच दुकानासमोर उभे राहावे, हा त्यातला विचार होता.

स्वराज्य आले आणि 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. 1950 पासून सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. हेतू निर्मळ होता. पण काळा गूळ व नवसागर यांची हातभट्टी खाडीकाठच्या झाडीत आणि डोंगराच्या कुशीत शिरली. जुनी माणसे सांगत की, निरोप नेण्यास व माल पोचविण्यास पोर बरे पडे; कारण पोरावर कोणी संशय घेत नसे. साठीच्या दशकात बंधने सैल झाली, दुकाने उघडली. पण पोराला पिटाळण्याची सवय मात्र राहिली.

आमच्या मते खरे मर्म येथेच आहे. पोराच्या हातातली पहिली बाटली बहुधा त्याची स्वतःची नसते. ती बापासाठी, काकासाठी, नाहीतर मालकासाठी आणलेली असते. इंग्लंडातही गरिबाघरची पोरे भांडे घेऊन बिअर आणावयास जात आणि वाटेत घोट घेत. म्हणून 1901 साली तेथे कायदा करावा लागला की, चौदा वर्षांखालील मुलाच्या हाती सीलबंद भांड्याखेरीज दारू देऊ नये.

हे आम्ही केवळ पुस्तकात वाचून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी रोह्याकडच्या एका कारखान्यात आमच्या युनियनने चांगला करार केला. रात्री आनंदाची बैठक बसली. चहाच्या टपरीवरचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा तेथे होता. त्याच्या हाती पैसे देऊन आम्हीच त्याला बाटल्या आणावयास धाडले. कोणीतरी बाटलीच्या बुचात घोटभर ओतून त्याला पाजली. सगळे हसले, आम्हीही हसलो. दोनेक वर्षांनी त्याची आई युनियनच्या कचेरीत आली आणि एवढेच म्हणाली, "भाऊ, माझ्या पोराला गुत्त्याची वाट तुमीच दाखवलीत."

आम्ही निरुत्तर झालो. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या 1949 च्या वेतनसंरक्षण करारात मजुरी दारूच्या रूपाने देऊ नये, गुत्त्यात देऊ नये, असे कलम आहे. ते आम्ही सभांतून अभिमानाने सांगत असू. पण मजुराची बाटली जो पोर आणतो, त्याचा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता. त्यानंतर युनियनच्या कोणत्याही बैठकीत दारू नाही आणि पोराला तंबाखूच्या पुडीसाठीसुद्धा पाठवावयाचे नाही, असा नियम केला. काही सभासद रागावले, दोघे सोडून गेले. त्या मुलाचे मात्र या नियमाने भले झाले नाही. नियम त्याच्यामागून आला.

आज कायदा आपल्या बाजूला आहे. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे. 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास, तशीच त्याच्याकरवी ती विकणाऱ्यास किंवा वाहून नेणाऱ्यास, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 2008 च्या आदेशान्वये गावातील पाव हिस्सा स्त्री-मतदारांनी मागणी केली तर मतदान होते, आणि निम्म्याहून अधिक मते पडली तर दुकान बंद होते. 'आडवी बाटली' ही खूण त्यामुळेच घरोघर माहीत झाली. गडचिरोलीच्या जनतेने चळवळ करून 1993 साली जिल्हाभर दारूबंदी मिळविली. आपल्या शेजारी रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांच्या बैठकींतून व्यसन सोडलेली कुटुंबे पेण-रोह्याच्या अनेक गावांत आहेत.

तेव्हा साधने नाहीत, असे कोणी म्हणू नये. पण दुकान आडवे करण्यास निम्मे गाव लागते. पोराला दुकानात न पाठविण्यास एकच माणूस पुरतो. येत्या आषाढ अमावास्येला, ज्या दिवसाला आपण हसत हसत 'गटारी' म्हणतो, आपली बाटली कोण आणणार, हा प्रश्न प्रत्येक घरात निघेल. तेव्हा पोराकडे बोट न दाखविता ज्याला प्यावयाची आहे त्याने स्वतः उठावे. बाजारातून चारचौघांच्या देखत ती हातात घेऊन चालत यावे. वाटेत त्याला जी लाज वाटेल, ती आजवर आपण पोरांच्या खांद्यावर दिलेली होती.