झिम (काल्पनिक पात्र)

झिम हे 'इन्व्हेडर झिम' या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेतील मध्यवर्ती पात्र आहे. पृथ्वी जिंकण्यासाठी आलेला, परंतु त्या कामास सर्वथा अपात्र असलेला परग्रहवासी असे त्याचे स्वरूप आहे. हे पात्र जोनेन व्हास्केझ यांनी निर्माण केले. मालिकेचे प्रसारण ३० मार्च २००१ रोजी निकेलोडियन वाहिनीवर सुरू झाले. कथानक झिमभोवती फिरत असल्याने तो मालिकेचा नायक ठरतो आणि त्याचे हेतू पाहता खलनायकही. बावळट खलनायक हा विनोदी ॲनिमेशनमधील जुना प्रकार आहे. झिमचे वेगळेपण असे की त्याच्या अपयशाला केवळ त्याचा मूर्खपणा कारणीभूत नाही, तर त्याच्यावर सोपवलेली मोहीमच मुळात खोटी आहे. प्रेक्षकांना हे पहिल्या भागापासून ठाऊक असते. झिमला मात्र त्याचा पत्ता नसतो.

निर्मिती

व्हास्केझ हे मालिकेपूर्वी प्रौढ वाचकांसाठीच्या काळ्या विनोदाच्या चित्रकथांचे लेखक व चित्रकार म्हणून ओळखले जात. लहान मुलांच्या वाहिनीवरील या मालिकेतही त्यांच्या शैलीचा प्रभाव दिसतो. मळकट, काळोखी शहरे, तिरकस रेषा आणि मोठ्या डोक्यांची माणसे ही तिची दृश्य वैशिष्ट्ये आहेत. प्रारंभिक चाचणी भागात झिमला बिली वेस्ट यांचा आवाज होता. प्रत्यक्ष मालिकेत ती जबाबदारी रिचर्ड स्टीव्हन हॉर्विट्झ यांच्याकडे आली. नियोजित सर्व भाग पूर्ण होण्याआधीच मालिकेची निर्मिती थांबवण्यात आली. काही उरलेले भाग २००६ मध्ये निकटून्स नेटवर्क या वाहिनीवर प्रथमच दाखवले गेले.

कथेतील पार्श्वभूमी

झिम हा इर्कन वंशाचा आहे. इर्कन साम्राज्यात व्यक्तीचा दर्जा तिच्या उंचीवरून ठरतो. सर्वांत उंच व्यक्ती राज्य करते आणि तिला 'ऑलमाइटी टॉलेस्ट' म्हणजे सर्वशक्तिमान सर्वोच्च असे संबोधले जाते. मालिकेच्या काळात रेड आणि पर्पल या दोघांची उंची सारखीच असल्यामुळे ते संयुक्तपणे सत्तेवर आहेत. झिम मात्र बुटका आहे.

साम्राज्याच्या पहिल्या विश्वविजय मोहिमेत झिमने स्वतःच्याच ग्रहावर हाहाकार माजवला आणि मोहीम सुरू होण्याआधीच बुडवली. शिक्षा म्हणून त्याला खाद्यगृहांच्या ग्रहावर तळणीच्या कामासाठी हद्दपार करण्यात आले. दुसऱ्या मोहिमेची वार्ता कानी पडताच तो ते काम सोडून थेट ग्रहवाटपाच्या सोहळ्यात दाखल होतो. हद्दपारीचा आपण राजीनामा दिला, अशी त्याची समजूत आहे. त्याला टाळण्यासाठी टॉलेस्ट त्याला विश्वाच्या टोकावरील, अस्तित्वाचीही खात्री नसलेल्या एका ग्रहाची 'गुप्त मोहीम' देतात. तो वाटेतच संपेल, अशी त्यांची अपेक्षा असते. सहा महिन्यांच्या प्रवासानंतर तो ग्रह खरोखरच सापडतो. तो ग्रह म्हणजे पृथ्वी.

विनोदाचे स्वरूप

वेशांतर

टोप आणि डोळ्यांवरील भिंगे एवढेच झिमचे वेशांतर आहे. त्वचा हिरवीच राहते. कान आणि नाक नसतातच. शाळेत याविषयी विचारणा होताच तो त्वचारोगाचे कारण सांगतो आणि ते सर्वांना पटते. सामान्य घरांच्या रांगेत त्याने उभारलेल्या हिरव्या-जांभळ्या घराच्या दारावर पुरुषांच्या स्वच्छतागृहाची खूण आहे, तर अंगणात पृथ्वीवरील प्रेम जाहीर करणारा फलक. माणसांसारखे दिसण्याचा हा प्रयत्न माणसांच्या बारीक निरीक्षणातून आलेला आहे, परंतु कशाचा अर्थ काय हे न कळल्यामुळे तो हास्यास्पद होतो.

आत्मविश्वास आणि भाषा

झिमची बुद्धी कमी नाही. तो अवजड यंत्रे उभारतो, अवयव चोरतो, 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' या भागात तर मंगळ ग्रहाचेच यान करून तो पृथ्वीवर चालवून आणतो. त्याच्यात उणीव आहे ती आत्मपरीक्षणाची. प्रत्येक पराभव त्याला विजयाचा टप्पा वाटतो आणि टॉलेस्टची टिंगल त्याला शाबासकी वाटते. किरकोळ गोष्टीही तो सिंहासनावरून फर्मान काढावे तशा गर्जून सांगतो. वाक्यात भलत्याच शब्दावर जोर देणे, मध्येच किंचाळणे आणि स्वतःचा उल्लेख नावाने करणे या हॉर्विट्झ यांच्या लकबींमुळे आशय आणि आविर्भाव यांतील अंतर वाढते.

फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक ग्रंथात, विनोदी पात्र स्वतःविषयी जितके अनभिज्ञ तितके ते अधिक हास्यास्पद ठरते, असे प्रतिपादन केले आहे. सजीवाच्या ठिकाणी दिसणारा यांत्रिक ताठरपणा हे ते हास्याचे मूळ मानतात. झिमचे पात्र या मांडणीचे ठळक उदाहरण ठरते: परिस्थिती बदलली तरी त्याची प्रतिक्रिया बदलत नाही.

गिर

प्रत्येक आक्रमकाला एक साहाय्यक यंत्रमानव मिळतो. झिमसाठी टॉलेस्ट कचऱ्यातील सुटे भाग आणि खिशातील सटरफटर वस्तू वापरून गिर हा यंत्रमानव तयार करतात. हिरव्या कुत्र्याच्या वेशात वावरणाऱ्या गिरला खाणे आणि दूरचित्रवाणी पाहणे यांपलीकडे कशातही रस नसतो. आज्ञेच्या भाषेत बोलणारा स्वामी आणि आज्ञा म्हणजे काय हेच न कळणारा सेवक ही प्रहसनातील पारंपरिक जोडी येथे दिसते. स्वतः नाकारला गेलेला झिम टाकाऊ वस्तूंपासून बनलेल्या साहाय्यकावर खेकसतो, यात उपरोध आहे. मात्र दोघांची स्थिती एकच आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

डिब

शाळासोबती डिब हा झिमचे खरे रूप पहिल्या क्षणी ओळखणारा एकमेव मुलगा आहे. त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवत नाही. त्याचे वडील, विख्यात शास्त्रज्ञ प्रोफेसर मेंब्रेन, त्याच्या संशोधनाला मुलाचे वेड समजतात. परिणामी एक विलक्षण समीकरण तयार होते. झिमला त्याचे राज्यकर्ते गंभीरपणे घेत नाहीत आणि डिबला त्याचा समाज गंभीरपणे घेत नाही. झिम हा खराखुरा आक्रमक आहे असे मनापासून मानणारी पृथ्वीवरील व्यक्ती म्हणजे त्याचा शत्रूच. त्यामुळे त्यांचे वैर हेच दोघांच्या महत्त्वाचे एकमेव प्रमाणपत्र ठरते. झिमविषयी वाटणाऱ्या सहानुभूतीचा उगम बहुतांशी या रचनेत आहे.

कार्यक्षमतेशी तुलना

झिमच्या जागी कुशल आक्रमक असता तर काय घडले असते, या प्रश्नाचे उत्तर मालिकेने एकाहून अधिक वेळा दिले आहे. 'गिर गोज क्रेझी अँड स्टफ' या भागात झिम गिरला कायमचा कर्तव्यदक्ष करतो. मात्र कार्यक्षम झालेला गिर धन्यावरच उलटतो आणि झिमला त्याला पूर्ववत करावे लागते. 'टॅक: द हिडियस न्यू गर्ल' या भागात झिमच्या एका जुन्या उपद्व्यापामुळे आक्रमकपदाची संधी हुकलेली टॅक ही इर्कन युवती पृथ्वीवर येते. तिचे वेशांतर निर्दोष आहे आणि पृथ्वीचा गाभा पोकळ करून त्यात टॉलेस्टसाठी खाऊ भरण्याची तिची योजना सिद्धीच्या उंबरठ्यावर पोहोचते. तिला रोखण्यासाठी झिम आणि डिब यांना एकत्र यावे लागते. 'प्लॅनेट जॅकर्स' या भागात तर दुसरेच परग्रहवासी पृथ्वी पळवून नेत असताना, आपले सावज हातचे जाऊ नये म्हणून झिम स्वतः तिचे रक्षण करतो.

या भागांतून मालिकेचा मूळ विरोधाभास स्पष्ट होतो. पृथ्वी सुरक्षित राहते ती माणसांच्या दक्षतेमुळे नव्हे. माणसे झिमइतकीच आंधळी आहेत, आणि त्यांच्या आंधळेपणावर त्याच्या नालायकपणाची मात्रा चालते, इतकेच. झिमला हसणारा प्रेक्षक याच समाजाचा भाग असल्याने विनोदाला सामाजिक उपरोधाची धार येते.

पूर्वपरंपरा व समांतर पात्रे

ॲनिमेशनमधील विनोदी परग्रहवासी खलनायकांत मार्विन हा मंगळवासी अग्रणी मानला जातो. चक जोन्स यांच्या १९४८ मधील 'हेअरडेव्हिल हेअर' या लघुपटात तो प्रथम दिसला. चित्रपटगृहांसाठी निर्माण झालेले हे पात्र पुढे दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचले. 'हेअर-वे टू द स्टार्स' (१९५८) मध्ये पृथ्वीमुळे आपल्याला शुक्राचे दर्शन होत नाही, एवढ्याच कारणास्तव तो ती उडवू पाहतो. मार्विन शांत व सौम्य बोलतो; झिम नेमका त्याच्या उलट.

जपानमधील 'केरोरो गुन्सो' या मिने योशिझाकी यांच्या चित्रकथेवरील मालिका २००४ मध्ये सुरू झाली. तिच्यातील बेडकासारखा सैनिक केरोरो पृथ्वी जिंकण्याऐवजी एका कुटुंबात घरकाम करत राहतो आणि प्लास्टिकच्या यंत्रमानवांच्या प्रतिकृती जोडण्यात रमतो. केरोरो शत्रूच्या घरात सामावला जातो. झिमला अशी जागा कुठेही मिळत नाही, ना पृथ्वीवर ना साम्राज्यात.

पुढील रूपे

२०१५ पासून ओनी प्रेसने झिमच्या चित्रकथा प्रसिद्ध केल्या. 'इन्व्हेडर झिम: एंटर द फ्लॉर्पस' हा चित्रपट १६ ऑगस्ट २०१९ रोजी नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. त्यात दीर्घकाळ दडून राहिलेला झिम योजनेचा दुसरा टप्पा जाहीर करण्यासाठी प्रकट होतो, पण तो टप्पा कोणता होता हेच त्याला आठवत नाही. इर्कन ताफ्याच्या मार्गात पृथ्वी येतच नाही, हे समजल्यावर तो प्रथमच खोल निराशेत जातो. तरीही सत्य स्वीकारण्याऐवजी तो पृथ्वीच उचलून ताफ्याच्या वाटेत नेऊन ठेवतो. त्यातून अवकाशात फ्लॉर्पस नावाचे विवर उघडते. टॉलेस्ट मार्ग बदलण्यास नकार देतात आणि संपूर्ण ताफा त्या विवरात शिरतो. पहिल्या मोहिमेप्रमाणे याही वेळी झिमच्या निष्ठेचा सर्वाधिक फटका त्याच्याच साम्राज्याला बसतो.