परक्या ताटातली पेज

आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेला माणूस परदेशी जावयास निघतो, तेव्हा त्याच्या पेटीत औषधांच्या शेजारी आणखी एक पुडके हमखास असते. त्यात मेतकूट असते, लोणचे असते, भाजक्या पोह्यांचा चिवडा असतो. थंडीवर उपाय म्हणून लोकरीचा कोट घेता येतो, भाषेची अडचण खुणांनी भागविता येते. परंतु परक्याचे अन्न तोंडात घालावे लागणार, या धास्तीवर त्या पुडक्याखेरीज दुसरा उपाय आमच्या वयाच्या मंडळींस सुचत नाही. निवृत्तीनंतर मला लिस्बनला जाण्याचा योग आला, तेव्हा असे पुडके माझ्याही पेटीत होते.

माझ्या धास्तीला थोडा इतिहासही होता. मी फोंड्याकडचा. माझ्या लहानपणी आमच्या घरात पाव येत नसे. पहाटे पोदेराच्या काठीचा खुळखुळाट ऐकू आला, की आजी पुढचे दार लोटून घेई. ताज्या पावाचा वास मात्र दाराला जुमानीत नसे. आम्हां मुलांपैकी कोणी हट्ट धरलाच, तर ती पेजेची वाटी पुढे सरकवून म्हणे, "घरात पेज असताना ते कशाला रे हवं?" पाव खाल्ला की माणूस बाटतो, अशी तिची पक्की समजूत होती.

आज ही समजूत ऐकून कोणी हसेल. पण हसण्यापूर्वी तिचे मूळ पाहिले पाहिजे. विहिरीत पाव टाकला आणि नकळत ते पाणी प्यालेला सारा गाव बाटला, ही कथा कोकणपट्टीत पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. अन्नावरून माणसाचा धर्म पारखणारी सत्ता मात्र खरी होती. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय बसले आणि मधली काही वर्षे सोडली, तर १८१२ पर्यंत ते चालले. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या न्यायालयाचा १७३६ सालचा जाहीरनामा दिला आहे. त्यात अंगणात तुळस ठेवण्यास मनाई आहे. त्याबरोबर अशीही आज्ञा आहे, की हिंदूंप्रमाणे अळणी भात शिजवून त्यावर मागाहून मीठ घालून घेऊ नये. चिमूटभर मीठ भातात शिजताना पडले की पानात पडले, यावरून माणसाची निष्ठा ठरत होती! स्पेन आणि पोर्तुगालात हेच न्यायालय डुकराचे मांस कोण टाळतो हे पाहून छुपे यहुदी हुडकीत असे.

फोंडा महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, १७६३ साली, पोर्तुगीजांकडे गेला. त्यापूर्वी तिसवाडी व सासष्टीतून पुष्कळ कुटुंबे आपापले देव घेऊन नदीपलीकडे याच भागात आली होती. सत्तेचा हात चुलीपर्यंत पोहोचला, की माणसे चुलीला कडी घालतात. आजीने लोटलेले दार त्या कडीच्याच जातीचे होते. तिला तारखा ठाऊक नव्हत्या. भय मात्र वारशाने मिळाले होते.

परंतु याच आजीचे एकादशीचे पान आठवा. त्यात उकडलेला बटाटा असे, रताळी असत, शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची आणि साबुदाणा असे. यांपैकी बटाटा, रताळे, भुईमूग आणि मिरची ही सारी मूळची अमेरिकेची. साबुदाणा आज आपल्याकडे ज्या कंदापासून होतो, तो कंदही तिकडचाच. ज्ञानेश्वरांच्या काळी यांतली एकही वस्तू या देशात नव्हती. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, १५०० मध्ये काब्रालची जहाजे ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली, आणि त्यानंतर दोन्ही किनाऱ्यांची झाडेझुडपे एकमेकांच्या घरी जाऊ लागली. बटाटा, काजू, पपई, अननस ही नावेच पोर्तुगीज तोंडातून आपल्याकडे आली. उलट, आजीने ज्याला दार लावले त्या पावातला गहू या देशात हजारो वर्षांचा रहिवासी! जुना पाहुणा दाराबाहेर राहिला आणि कालचा पाहुणा देवघरापर्यंत गेला.

हे सारे मला पुस्तकांवरून ठाऊक होते. जिभेला मात्र ठाऊक नव्हते. ते ज्ञान जिभेला लिस्बनमध्ये झाले. तिसऱ्या दिवशी बेलें भागात मी जेरोनिमुश मठ पाहिला. वास्को द गामाची कबर याच मठात आहे. बाहेर पडलो तो पावसाने गाठले, म्हणून जवळच्या एका लहानशा खानावळीत शिरलो. वाढणाऱ्या वृद्ध बाईने माझ्या थकलेल्या चेहऱ्याकडे पाहिले आणि फळ्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवले. आजाऱ्याला आणि म्हाताऱ्याला हेच बरे, असे तिच्या बोलण्यावरून मला समजले. तो शब्द होता 'कांजा'. थोड्या वेळाने कोंबडीच्या पातळ रश्शात शिजलेला मऊ भात समोर आला. मी एक घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला. ही तर पेज! कोंबडी सोडली, तर वाफ तीच, ओलसर मऊपणा तोच, आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचा तिचा स्वभावही तोच.

तो शब्द आपलाच आहे. मलबारकडची 'कंजी', आपली 'कांजी', तीच पोर्तुगीज भाषेत 'कांजा' झाली. तिची एक जुनी नोंद तर गोव्यातच छापली गेली. गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य १५३४ साली लिस्बन सोडून गोव्यास आला आणि १५६८ मध्ये तेथेच वारला. येथील औषधी व फळे यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापून निघाला. पटकीच्या रोग्यास मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी देतात आणि त्यास 'कांजी' म्हणतात, असे त्यात लिहिले आहे.

परक्या अन्नाकडे कसे पाहावे, हे या वैद्याकडून शिकावे. हिंगाचा वास आपल्याला जगात सर्वांत घाणेरडा वाटतो, असे तो मोकळेपणाने सांगतो. पण हिंग घालून केलेल्या भाजीला तसा वास येत नाही, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवितो. स्वतःचे नाक त्याने लपविले नाही आणि दुसऱ्याच्या फोडणीवर अन्यायही केला नाही. तो मूळच्या यहुदी कुळातला होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, त्या धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली.

पुढे दोन दिवसांनी मी पावही खाल्ला. आलेंतेजु प्रांतात 'असॉर्दा' नावाचा गरिबाघरचा पदार्थ करतात. लसूण, कोथिंबीर आणि मीठ खलात कुटायचे, त्यावर ऑलिव्हचे तेल व कढत पाणी ओतायचे, त्यात शिळ्या पावाचे तुकडे टाकायचे आणि वर एक अंडे. कोथिंबिरीच्या वासाने मला आमचे स्वयंपाकघर आठवले. या पदार्थाचे नाव अरबी आहे. पोर्तुगालातील अरबांची सत्ता १२४९ साली संपली. त्यांचा शब्द ताटात राहिला. आमच्याकडचे पोर्तुगीज राज्य १९६१ साली गेले, पाव राहिला. राज्ये जातात तेव्हा ती आपले कायदे बरोबर नेतात. खाद्यपदार्थ मात्र तेथल्या माणसांचे होऊन राहतात.

यावरून आजी चुकली, असे मला म्हणायचे नाही. तिच्या काळात दार लावणे हीच तिच्या हाती असलेली प्रतिष्ठा होती. मला त्या दाराची गरज उरली नाही, हे माझे भाग्य. त्यात माझी कर्तबगारी नाही. जबरीने तोंडात कोंबलेला घास आणि आपण होऊन उचललेला घास यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माझ्या वयाच्या प्रवाशांनी मेतकुटाचे पुडके अवश्य न्यावे. पोटाची काळजी कोणाला चुकली आहे? पण एखाद्या दिवशी ते बांधलेलेच ठेवून फळ्यावरच्या अनोळखी शब्दावर बोट ठेवावे.

माझे पुडके अर्धे तसेच परत आले. घरी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला. मी पुढचे दार उघडले, त्याला हाक मारली आणि दोन पाव घेतले. आत चुलीवर पेज शिजत होतीच.